शेवटच्याची घंटा

३ डिसेंबर, सोमवार

शाळेतील नोकरीचे सहा दिवस आज पूर्ण झाले. माल रवानगीच्या कचेरीत सव्वीस वर्षे काढलेल्या वाणिज्य पदवीधराने, कंपनी बंद पडल्यावर, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी एकेचाळीस मुलांच्या शाळेत कारकून व्हावे यात नवल वाटण्यासारखे काही नाही, असे मी ताईला सांगितले. ताई म्हणाली, "नवल नाही रे, मला त्या एकेचाळीस पोरांची काळजी वाटते." ताईच्या बोलण्याला मी सहसा उत्तर देत नाही. मी तिच्या घरी राहतो, हे एक कारण; दुसरे असे की तिच्या शिवणयंत्राच्या आवाजात उत्तर ऐकू जात नाही.

कामाचे स्वरूप स्पष्ट आहे. २८ जानेवारीस शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीसाठी येणार आहेत. शाळा चालू ठेवायची की खालच्या मोठ्या शाळेत विलीन करायची, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरेल. मुख्याध्यापिकांना येथे सर्वजण नुसते ‘बाई’ म्हणतात. त्यांनी मला मागील तपासणीचा अहवाल वाचायला दिला. त्यातील पहिलाच आक्षेप: ‘शाळा भरण्याची वेळ अनिश्चित.’

आक्षेप रास्त आहे. शाळेची वेळ आठची. मी सहा दिवस नोंद ठेवली. घंटा अनुक्रमे आठ सहा, आठ अकरा, आठ चार, आठ बावीस, आठ नऊ आणि आज आठ सतरा या वेळांना झाली.

कारण असे की येथे घंटा शिपाई वाजवीत नाही. जे मूल सर्वांत शेवटी येते, ते वाजवते.

५ डिसेंबर, बुधवार

आज साडेसातलाच जाऊन फाटकाजवळ उभा राहिलो. थंडी एवढी की खिशातील किल्ल्या हाताला चटका देत होत्या. प्रत्येक मूल येताना जळणाचे एक लाकूड आणते आणि ढिगावर टाकते. त्या ढिगातून तिन्ही वर्गांच्या शेगड्या पेटतात. ज्याच्याकडे नसेल ते आणत नाही. कोणी आणले आणि कोणी नाही, याची कसलीही नोंद नाही. शिपायाला विचारले. बारा महिने गळ्यात मफलर असतो म्हणून त्यांना सगळे ‘मफलरमामा’ म्हणतात.

"मामा, एखादा कधीच आणत नसेल तर?"

"तर त्यालाही ऊबच लागते ना साहेब."

घंटेविषयीही विचारले. मामा म्हणाले, "सगळे आले की वाजवायची. सगळे यायच्या आधी वाजवून कुणाला बोलवायचं?"

"वेळ झाली हे कळण्यासाठी, मामा."

"कुणाला कळण्यासाठी? आलेत त्यांना माहीत आहे. नाही आलेत ते धावतातच आहेत."

या वादात मी पडलो नाही.

सर्वांत शेवटी येणारी बहुतेक दिवस एकच मुलगी असते. तिसरीत आहे. ओढ्यापलीकडे टेकडीवर पाणीपुरवठ्याचे पंपघर आहे. तिचे वडील तेथे पंपचालक आहेत, घरात ती दोघेच. चालत पस्तीस मिनिटांचा रस्ता, वाटेत ओढ्यावर अरुंद लाकडी पूल, साकव. मुलांनी तिचे नाव ‘शेपूट’ ठेवले आहे आणि ती ते पदवीसारखे मिरवते. आज आठ तेरा वाजता लाल टोपी धुक्यातून बाहेर आली. ओसरीतील पितळी घंटेच्या दोरीपर्यंत तिचा हात पोचत नाही. ती उडी मारून दोरीला लोंबकळते आणि घंटा दणाणते. मुले टाळ्या पिटतात. उशिरा येणाऱ्याचे एवढे कौतुक मी आयुष्यात पाहिले नव्हते.

८ डिसेंबर, शनिवार

बाईंपुढे लेखी प्रस्ताव ठेवला. घंटा ठीक आठला, माझ्या हातून. त्यानंतर येणाऱ्याचे नाव वहीत. शनिवारी नावांचे वाचन. न येणाऱ्यासाठी निरोप चालणार नाही, लेखी अर्ज लागेल. सलग पाच दिवस गैरहजर राहणाऱ्याच्या घरी पत्र.

आजवरची रीत अशी की मूल येणार नसेल तर कोणाबरोबर तरी निरोप येतो. निरोपही नाही आणि मूलही नाही, तर मामा सायकल काढून शोधायला जातात. तोपर्यंत घंटा होत नाही. मी बाईंना विचारले, हे अधिकाऱ्यांना कसे समजावून सांगणार?

बाईंनी शेगडीत एक लाकूड सारले. "गेल्या वेळी मी समजावून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "पाऊण तास. त्यांनी एका ओळीत लिहिलं, अनिश्चित." मग म्हणाल्या, "करून बघा. मला बरं वाटत नाहीये, पण शाळाच राहिली नाही तर घंटा कुणाची?"

प्रस्तावावर त्यांची सही आहे.

१० डिसेंबर, सोमवार

नवी पद्धत सुरू. सूचना फलकावर लावली, शिवाय पालकांसाठी एकेचाळीस प्रती मुलांच्या हाती दिल्या. खाली सही करून पोच परत आणायची. मामांनी विचारले, "वरच्या पंपवाल्यांना कुणी सांगितलं का?" मी म्हणालो, त्यांच्या मुलीकडे प्रत दिली आहे.

आठ वाजता घंटा वाजवली. दोरी थंडगार होती. टाळ्या झाल्या नाहीत, हे अपेक्षितच होते. मुले तरीही अंगणात थांबली. मग आत जा म्हणावे लागले.

शेपूट आठ नऊला आली. फाटकात थांबून तिने घंटेकडे पाहिले, मग माझ्याकडे. "ती वाजली," ती म्हणाली. मी म्हणालो, होय, आठला. "पण मी आले नव्हते," ती म्हणाली. माझी चूक ती मला सौजन्याने दाखवून देत होती, असा तिचा आविर्भाव होता. वहीत पहिले नाव तिचे.

१३ डिसेंबर, गुरुवार

एक आनंदाची बाब. गावाच्या नळाला सकाळी पाणी कधी येईल याचा आजवर नेम नसे. कधी सव्वाआठ, कधी साडेआठ. या आठवड्यात चारही दिवस ते आठ दहाच्या आत आले. ताईने हंडा भरताना चक्क माझ्याकडे पाहून मान डोलावली. "तू शाळेत लागलास आणि नळ सुधारला," ती म्हणाली. "काय जादू केलीस?"

जादू नाही. शिस्त संसर्गजन्य असते, असा माझा कचेरीतील अनुभव आहे. एक विभाग वेळेवर चालू लागला की शेजारच्यालाही लाज वाटू लागते.

सूचनेच्या पोचा: चाळीस परत आल्या. एक बाकी.

१५ डिसेंबर, शनिवार

उशिरा येणाऱ्यांच्या नावांचे प्रथम वाचन. सर्वजण सुधारले आहेत. नाव एकच होते, पाच वेळा. मुले हसतील म्हणून मी आधीच कठोर चेहरा केला होता, पण कोणी हसले नाही. ती उभी राहिली. मी म्हणालो, अर्धा तास आधी निघत जा. ती म्हणाली, "तेव्हा अंधार असतो. बाबा म्हणतात साकव दिसायला लागला की निघ."

हे कारण नियमात बसत नाही, परंतु नोंदवून ठेवतो.

१९ डिसेंबर, बुधवार

दाट धुके. आठला घंटा. चाळीस हजर, एक गैरहजर. नाव वेगळे लिहिण्याची गरज नाही. या आठवड्यात वहीत मात्र एकही नाव नाही. हे यश मानावे काय?

दिवसभर एक अस्वस्थता होती. दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा मामा म्हणाले, "काय साहेब, कुणी यायचंय का?" मी नाही म्हणालो.

२२ डिसेंबर, शनिवार

शेपूट काल हजर (सात अठ्ठावन्न, धापा टाकत), आज गैरहजर. एकूण दोन दिवस, सलग नाहीत. मामा सायकलीला हात लावून उभे होते; त्यांना पाचाच्या नियमाची आठवण करून दिली. "नियम बरोबर आहे," मामा म्हणाले, "पण मला करमत नाही." करमण्याचा रकाना माझ्या वहीत नाही, असे म्हटले. विनोद त्यांना कळला नसावा.

बाई पुढील आठवडाभर जिल्ह्याच्या ठिकाणी, तपासणीपूर्व बैठकांना. जाताना म्हणाल्या, "पोरांकडे बघा." कचेरीकडे बघा असे त्यांना म्हणायचे असेल.

२९ डिसेंबर, शनिवार

आठवड्याची स्थिती: घंटा सहाही दिवस ठीक आठला. पाणी सहाही दिवस वेळेवर. शेपूट सोमवारी, गुरुवारी व आज गैरहजर. तिन्ही दिवस धुक्याचे. वडिलांचा अर्ज नाही. अशा पालकांमुळे शाळेची टक्केवारी खाली येते.

ताई शिवलेले कपडे पोचवायला ओढ्याकडे गेली होती. परत आल्यावर म्हणाली, "जुन्या जकात नाक्याची ती पडकी खोली आहे ना, तिथे कुणाचं तरी पोर एकटंच पाढे म्हणत बसलंय. मी हाक मारली तर गप्प झालं. एवढ्या थंडीत!" मी म्हणालो, शाळेच्या वेळेत मुले अशी मोकळी फिरतात, याला घरची बेफिकिरी म्हणतात. ताई म्हणाली, "तू पोरांना पाढे म्हणायला लावतोस का रे इतके?"

४ जानेवारी, शुक्रवार

जसे घडले तसे लिहितो.

सकाळी वीज नव्हती. दहाच्या सुमारास फाटकातून एक उंच मनुष्य आला, अंगावर तेलाचे डाग पडलेला कोट, हातात जेवणाचा डबा. मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "पंपावरून आलो," ते म्हणाले. "वीज गेली म्हणून सवड झाली. पोरगी डबा विसरली. तेवढा द्या तिला."

मी हजेरीपुस्तक उघडले. ती आज आलेली नाही, असे सांगितले.

ते हसले. "आली असेल बघा. आठची घंटा ऐकली मी."

"घंटा रोज आठला होते. ती आलेली नाही. मंगळवारीही नव्हती. गेल्या आठवड्यात तीन दिवस, त्याआधी दोन."

"असं कसं होईल? घंटा ऐकतो ना मी!" त्यांचा आवाज चढला. दोन वर्गांतून शिक्षक बाहेर आले. "तीन वर्षं झाली. ती घरातून निघाली की मी खटक्याजवळ उभा राहतो. घंटा झाली म्हणजे ती पोचली. मग पंप चालू करतो. एकदा तो चालू झाला की मला काही ऐकू येत नाही, म्हणून आधी घंटा, मग पंप. तुम्ही सांगताय ती आली नाही, मग घंटा कुणी वाजवली?"

मी म्हणालो, "मी."

माझ्या टेबलावर चाळीस पोचा सुतळीत बांधलेल्या होत्या.

बाई वर्गातून आल्या. मामांनी सायकल काढली. कोणी कोणीकडे जायचे हे सांगत असताना मला ताईचे बोलणे आठवले. आठवले हा शब्द बरोबर नाही. ते याच वहीत २९ तारखेच्या पानावर माझ्या हस्ताक्षरात आहे. मी नाक्याकडे धावत निघालो. गेल्या वीस वर्षांत धावलो नव्हतो.

खोलीला दार नाही. ती कोपऱ्यात दप्तराला टेकून बसली होती. ओठ निळसर, डोळे अर्धे मिटलेले, अंगात ताप. मांडीवर वही उघडी होती, त्यात आजची तारीख घातलेली. तिने मला ओळखले. "मधली सुट्टी झाली?" असे विचारले.

तिला वडिलांनी उचलले. डॉक्टरांनी छातीत थंडी भरल्याचे सांगितले आहे. घोर नाही, असेही सांगितले. मी ते वाक्य त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले.

५ जानेवारी, शनिवार

बाई तिच्याकडे जाऊन आल्या. तिने जे सांगितले ते मी बाईंच्या शब्दांत उतरवतो.

"ती म्हणते, साकवावर असतानाच घंटा ऐकू यायची. घंटा म्हणजे सगळे आले. सगळे आले तर मग मी कोण जातेय? आणि उशिरा गेलं की शनिवारी नाव वाचतात. घरी जावं तर बाबांना वाटेल मी शाळेतून पळाले. म्हणून नाक्यात बसायची. मधल्या सुट्टीच्या घंटेला डबा खायची, एकच्या घंटेला घरी निघायची."

म्हणजे माझे वेळापत्रक संपूर्ण शाळेत तंतोतंत कोणी पाळले असेल तर तिने.

सूचनेची प्रत तिच्या दप्तरात निघाली. सही होऊ नये म्हणून लपवली होती का, असे मी विचारले. "नाही हो," बाई म्हणाल्या. "घंटा तिची नाही असं त्यात लिहिलं होतं. बाबांना वाईट वाटेल म्हणून दाखवली नाही."

राजीनामा लिहून दिला. बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "तारीख चुकलीय." पाहिले तर खरोखर चुकली होती. माझ्या हातून तारीख कधी चुकत नाही. त्यांनी तो कागद शेगडीत घातला. "सही माझीही होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही गेलात तर मला एकटीला ओशाळं व्हावं लागेल. बसा."

७ जानेवारी, सोमवार

मी घंटेकडे गेलो नाही. आठ वाजले. आठ पाच झाले. मुले अंगणात उभी. मग मामा पायरीवर चढून मोठ्याने म्हणाले, "शेपूट आजारी आहे. निरोप आलाय. ताप उतरतोय." मुलांनी ते ऐकून घेतले. दुसरीतला एक मुलगा शेवटी आला होता, त्याने घंटा वाजवली. आठ सहा.

मामा आधी नाव घेतात आणि मग घंटा होते, हे मी पूर्वीही पाहिले असणार. नोंद कशी केली नाही, कळत नाही.

१५ जानेवारी, मंगळवार

ती कालपासून येऊ लागली. वडील स्वतः आणून सोडतात, वर्गात बसलेली पाहतात आणि मग टेकडी चढून परत जातात. घंटेवर त्यांचा विश्वास उरलेला नाही. परिणामी पंप नऊनंतर सुरू होतो. गावात आरडाओरडा आहे. पाणीखात्याने काल त्यांना लेखी ताकीद दिली. आणखी दोन झाल्या की नोकरी जाईल.

ताई रिकामा हंडा घेऊन बसली होती. "पाणी उशिरा का येतं ते आता कळलं," ती म्हणाली. "आणि मी मेली तुला शाबासकी देत होते!" शिवणयंत्र आज बंद होते, उत्तर दिले असते तर ऐकू गेले असते.

दुपारी पंपघरावर गेलो. त्यांनी बसा म्हटले नाही. मी उभ्यानेच सांगितले: मुलीला रोज सकाळी मी घेऊन जाईन, तुम्ही खटका सोडून हलू नका.

"तुम्ही?"

"होय. ठीक सव्वासातला येथे हजर असेन. वेळ चुकणार नाही."

"वेळ तुम्ही कधी चुकवली?" ते म्हणाले. "तेच तर झालं सगळं."

मी उभा राहिलो. पंपाचा आवाज खरोखर एवढा आहे की छातीत घुमतो. मग ते म्हणाले, "तिला विचारा."

ती दारामागेच होती. "यांना साकव येतो का ओलांडता?" तिने वडिलांना विचारले.

१६ जानेवारी, बुधवार

सव्वासातला पोचलो. साकव दिसू लागला तेव्हा, सात तेहतीसला, निघालो. ती माझ्यापुढे पंधरा पावले. साकवाच्या फळ्यांवर दव गोठले होते. ती पलीकडे जाऊन थांबली आणि मी कठड्याला धरून येत असताना पाहत राहिली, जशी एखादी परीक्षक. आठ दहाला शाळेत. घंटा तिने वाजवली नाही. मागून एक भावंडांची जोडी आली, त्यांनी वाजवली. दोन मिनिटांनी वरून पंप सुरू झाल्याचा आवाज आला. इतक्या दुरून तो ऐकू येतो हे ठाऊक नव्हते, कारण मी कधी कान दिला नव्हता.

१९ जानेवारी, शनिवार

अंतर आता सात पावले.

"तुमचं घड्याळ चालतं तसं तुम्ही चालत नाही," ती आज म्हणाली. पाच दिवसांत, पंपघरातील प्रश्न सोडता, हे तिचे पहिले वाक्य. मी म्हणालो, घड्याळाला गुडघे नसतात. ती थोडी हसली असावी. पाठ माझ्याकडे होती.

दुसरी ताकीद आली. याच आठवड्यातील, मंगळवारच्या उशिराबद्दल. पंपवाल्यांनी ती मला दाखवली आणि पुन्हा खिशात ठेवली.

२४ जानेवारी, गुरुवार

आता ती शेजारून चालते आणि प्रश्न विचारते. मालाची पेटी हरवली तर तुम्ही काय करायचा? मी सांगितले, कागद शोधायचो. "पेटी नाही शोधायची?" कागद सापडला की पेटी कोठे आहे ते कळते. तिला हे पटले नाही. मलाही सांगताना पूर्वीइतके पटले नाही.

"मी नाक्यात होते तेव्हा तुमच्या कागदात कुठे होते?"

"गैरहजर."

"म्हणजे कुठे?"

पुढचा सारा रस्ता मी विचार केला.

ती शेवटी पोचली तरी घंटा वाजवीत नाही. दोरीजवळून मान खाली घालून निघून जाते आणि मग मामा जो जवळ असेल त्याला वाजवायला लावतात. हे तीनदा झाले.

२७ जानेवारी, रविवार

उद्या तपासणी. दिवसभर बाई आणि मी कपाटे लावली. अधिकारी पावणेआठला पोचतील. बाई म्हणाल्या, "उद्या तुम्ही साडेसातला कचेरीत हवे आहात. सगळ्या फायली तुमच्या डोक्यात आहेत. मामाला पाठवू वर."

मी म्हणालो, मामा शेगड्या पेटवतील की टेकडी चढतील? आणि ती मामांबरोबर येईलही. पण मी सव्वासातला येतो असे मी सांगितले आहे.

"मग वडिलांनाच एक दिवस आणू दे."

"तिसरी ताकीद होईल."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, शाळेचा प्रश्न आहे. तुम्हाला कळतंय ना, त्या माणसाला पहिली गोष्ट काय दिसेल? कारकून जागेवर नाही, घंटा झालेली नाही."

"कळते आहे."

मला वाटले, बाई रागावल्या. मग त्यांनी हात पुढे केला. "किल्ली द्या कपाटाची. आणि कुठे काय आहे ते लिहून द्या. बारीक अक्षरात नको."

हजेरीपुस्तकातील तिच्या सात गैरहजेऱ्यांपुढे मी आज कारण लिहिले: ‘मुलगी शाळेसाठी घरातून निघाली होती. ती पोचली नाही हे शाळेने पाहिले नाही.’ खाली सही केली. बाईंनी वाचले, खोडा म्हणाल्या नाहीत.

२८ जानेवारी, सोमवार

निर्णय महिन्याभरात टपालाने कळेल. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरून अनुमान काढता आले नाही, आणि दिवसभर मी दुसरे काही केले नाही. सकाळचे तेवढे लिहितो.

धुके असे की साकव दिसू लागायलाच सात चाळीस झाले. फळ्या काचेसारख्या. मधोमध मी घसरलो आणि एका गुडघ्यावर आलो. तिने हात दिला. तेथून पुढे आम्ही हात धरून चाललो. मी तिचा धरला होता असे लिहिणार होतो, परंतु वस्तुतः तिने माझा धरला होता. वाटेत मी एकदाही घड्याळ काढले नाही. काढून उपयोग नव्हता, आणि हात मोकळा नव्हता.

शाळेच्या वळणावर आलो. फाटकाच्या खांबाजवळ लांब कोटातील गृहस्थ उभे होते, मनगट डोळ्यांसमोर धरून. त्यांच्याजवळ बाई, हातमोजे पिळत. आत अंगणात चाळीस मुले, कोणीही न सांगता ओळीत. सगळ्यांच्या तोंडातून वाफा. एकही मूल वर्गात गेले नव्हते.

फाटकापासून दहा पावलांवर तिने माझा हात सोडला आणि पळत सुटली. मला वाटले, दोरीकडे. आज वाजवणार. पण ती दोरीपाशी थांबलीच नाही. मुलांच्या ओळीत आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि वळून माझ्याकडे पाहू लागली. मग सर्वच पाहू लागले.

मी फाटकातून आत आलो. गुडघ्यावर ओला डाग होता.

"साहेब, दोरी," मामा म्हणाले.

"मी?"

"शेवटी कोण आलं?" मामांनी विचारले.

मी हे काम पंचवीसेक वेळा केले होते, तरी या वेळी दोन्ही हात लावले. दोरी ओढली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी हातमोज्यांसकट, त्यामुळे आवाज दबका आला. मी दोरी धरून तसाच उभा राहिलो. वरून पंपाची घरघर ऐकू येईपर्यंत जागचा हललो नाही.

"आठ एकोणीस," अधिकारी वहीत लिहीत म्हणाले.

मी माझे घड्याळ पाहिले. "क्षमा करा, आठ वीस. आपले एक मिनिट मागे आहे." बाईंनी डोळे मिटून घेतले.

त्यांनी एकोणीस खोडून वीस केले. मग चष्म्यावरून माझ्याकडे, मुलांकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहत विचारले, "वीस मिनिटं ही अख्खी शाळा थंडीत उभी आहे. कोणाची वाट पाहत होती?"

"माझी," मी म्हणालो.

त्यांनी तेही लिहून घेतले.